कासवाच्या कवचावरचे पांढरे डाग जातात आणि परत येतात: तपासायचं कुठून

हे सगळं लाल कानाच्या कासवाबद्दल आहे. मत्स्यालयाच्या दुकानात नाण्याएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टी असलेलं पिल्लू मिळतं तेच. मूळ अमेरिकेतलं, इंग्रजी नाव रेड-इअर्ड स्लायडर. टाक्या बसवणं आणि सांभाळणं हे माझं काम, आणि कासवाच्या टाकीसाठी बोलावणं येतं ते बहुतेक एकाच तक्रारीसाठी: "पाठीवर पांढरं आलंय, औषध टाकलं की जातं, महिन्याभरात परत येतं."

नीट विचारलं की त्या एका "पांढऱ्या"मागे वेगवेगळ्या गोष्टी निघतात.

- पाठीवर पांढरे किंवा राखाडी ठिपके, कोरडे झाल्यावर जास्त उठून दिसणारे.
- मानेवरून, पायांवरून पाण्यात लोंबणारी पातळ पांढरी कातडी.
- कवचाच्या तुकड्याची कड उचललेली, खाली ओलसर किंवा पिवळट भाग.
- पोटाकडच्या कवचात टोचल्यासारखे बारीक खड्डे.
- कवचाला कुजकट वास.
- पोटाकडच्या बाजूला गुलाबी-लाल झाक.
- बोटानं दाबलं की कवच दबणं.
- सुजलेल्या, मिटलेल्या पापण्या.

यातल्या पहिल्या दोन तक्रारी निम्म्याहून जास्त वेळा आजार नसतातच. शेवटच्या चारांपैकी एक जरी दिसली तरी थेट डॉक्टरांच्या भागाकडे जा, मधलं नंतर वाचा. बाकीच्यांसाठी खालचा क्रम. आधी फुकटच्या गोष्टी, मग थोड्या पैशांच्या, शेवटी औषध. दुकानदार बहुतेकदा उलट्या क्रमानं जातो आणि पहिल्या भेटीतच निळी बाटली देतो.

आधी हे खरंच आजारपण आहे का ते बघा

कासव बाहेर काढा, जुन्या सुती कापडानं टिपा आणि अर्धा-पाऊण तास कोरडं होऊ द्या. ओल्या कवचावरून काहीही ठरवू नका, पाण्याखाली सगळंच गुळगुळीत आणि निरोगी दिसतं. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बघा. धरताना दोन्ही बाजूंनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधे धरायचं. मागच्या पायांची नखं जोरात ओरबाडतात, त्यामुळे हातातून सुटतं ते तिथेच. म्हणून जमिनीवर बसून, खाली टॉवेल अंथरून बघा. पोट बघायला उलटं केलंत तर अर्ध्या मिनिटात सरळ करा.

आता एकेक. पाठीचे मोठे तुकडे, ज्यांना स्क्यूट म्हणतात, ते आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचेच. मधोमध पाच, दोन्ही बाजूंना चार-चार, आणि कडेनं लहान लहान. वाढत्या वयात प्रत्येक तुकड्यावरचा जुना थर पापुद्र्यासारखा सुटतो. तो पातळ, जवळजवळ पारदर्शक असतो, तुकड्याच्याच आकाराचा निघतो आणि खालचं कवच कडक, चकचकीत, कोरडं असतं. सुटण्याआधी त्याच्याखाली हवा शिरते, तेव्हा तो तुकडा पांढरट-चंदेरी दिसतो. बहुतेक माणसं घाबरतात ती इथेच. नखानं ओढून काढू नका. पिकायच्या आत ओढला तर खालचा कोवळा थर उघडा पडतो आणि तिथून खरा त्रास सुरू होतो.

तुकड्यांच्या मधल्या फिकट रेघा म्हणजे नवी वाढ. चांगली खूण आहे.

कातडीचंही तसंच. मानेची, पायांची कातडी तुकड्या-तुकड्यानं सुटते आणि पाण्यात लोंबते. पाण्यातून काढल्यावर ती अंगाला चिकटून जवळजवळ दिसेनाशी झाली तर कात आहे. बाहेरही पांढरा, फुगीर पुंजका राहिला, किंवा खाली कातडी लाल असली, तर बुरशी किंवा जखम.

हिरवं किंवा तपकिरी असेल तर मऊ दात-ब्रश आणि साधं पाणी घेऊन हलकेच घासा. निघालं तर शेवाळ. घासताना साबण नको.

राहिले पांढरे कोरडे ठिपके. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात क्षाराचे डाग बसतात, अगदी गिझरच्या कॉइलवर बसतात तेच. टाकीच्या काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी कड आहे का बघा. असेल तर कापसाच्या बोळ्यावर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घेऊन एकाच डागावर मिनिटभर धरा आणि पुसा. क्षार असेल तर विरघळतो. कवचाला चीर किंवा खड्डा असेल तर ही परीक्षा करू नका, झोंबतं. कवचाखाली जिवंत हाड आहे, बरगड्या आणि पाठीचा कणा त्यालाच जोडलेले आहेत, आणि कासवाला तिथे स्पर्श आणि दुखणं दोन्ही कळतं.

शेवटी वास. निरोगी कवचाला तळ्याच्या पाण्याचा वास येतो. सडक्या मांसाचा वास येत असेल तर डोळ्यांना काही दिसो न दिसो, नाकावर विश्वास ठेवा.

कासव पूर्ण कोरडं होतं का?

वारंवार येणाऱ्या डागांचं कारण मला सगळ्यात जास्त इथेच सापडतं, आणि हे तपासायला एक रुपयाही लागत नाही.

या जातीचं कासव दिवसातले काही तास पाण्याबाहेर येऊन, पाय मागे ताणून, ऊन खात बसतं. त्यात ते फक्त ऊब घेत नाही. पाठ, पोट, पायांच्या खोबणी सगळं वाळतं, शेवाळ मरतं, सुटलेला पापुद्रा आक्रसून पडतो. कवच सडवणारे जंतू आणि बुरशी यांना सतत ओल लागते. रोज दोन-तीन तास ती ओल तुटली तर त्यांना पाय रोवता येत नाहीत. पापुद्रा सुटत नाही, त्याच्याखाली पाणी अडकतं आणि तिथेच कुजतं, ही बहुतेक डागांची जन्मकथा.

आता टाकीकडे बघा. पाण्याबाहेरची जागा, तिला मी ओटा म्हणतो, केवढी आहे? बहुतेक घरांत ती पिल्लू आणलं तेव्हा घेतलेली प्लास्टिकची तरंगती चकती असते, खोटं नारळाचं झाड असलेली. पिल्लू चार सेंटिमीटरचं होतं. मादी पूर्ण वाढली की कवच २५ सेंटिमीटरच्या पुढेही जातं, नर त्याहून लहान राहतो. अर्धं कासव वर, अर्धं पाण्यात, आणि वजनानं चकती बुडालेली. घरचे सांगतात "बसतं की वर". बसतं, पण पोट कधी वाळतच नाही. पोटाकडचे खड्डे मग पाठीच्या आधी येतात, आणि उलटं करून कुणी बघत नाही म्हणून उशिरा दिसतात.

परीक्षा सोपी. कासव वर येऊन बसल्यावर तासाभरानं त्याच्या पोटाखाली हात घाला. ओटा ओला असेल तर कासवही ओलं आहे. ओटा कासवाच्या दीडपट लांब हवा, वजनानं बुडता कामा नये, आणि चढायला खडबडीत उतार हवा. फरशीचा तुकडा विटांवर ठेवला तरी चालतो, फक्त विटा हलणार नाहीत आणि खाली कासव अडकून बुडणार नाही एवढं पाहा. कासव पाण्यात राहतं म्हणून बुडत नाही हा गैरसमज आहे, ते फुप्फुसानं श्वास घेतं.

ओटा नीट आहे तरी वर येतच नाही? मग एकतर ओट्यावर ऊब नाही, किंवा टाकी जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे आणि ते दचकतं. किंवा पाणी ओट्याइतकंच गरम आहे, त्यामुळे वर येण्याचं कारणच उरत नाही.

वास्तूच्या नावाखाली उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवलेली कासवं मी खूप पाहिली. उत्तरेच्या खिडकीतून आपल्याकडे ऊन जवळजवळ येत नाही. शुभ हवं असेल तर तिथे पितळेचं कासव ठेवा.

पाणी

एक साधा थर्मामीटर घ्या. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस, ओट्यावर ३० ते ३२. कासवाचं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं. पाणी थंड पडलं की पचन मंदावतं आणि जंतूंशी लढायची ताकदही. पुण्या-नाशिकला डिसेंबर-जानेवारीत खोलीतल्या टाकीचं पाणी रात्री सहज २० च्या खाली जातं, आणि दिवाळीनंतर भरलेली जखम संक्रांतीला पुन्हा उघडते ती त्यामुळे. हीटर लावायचा तर जाळीच्या आवरणाचा लावा, नुसती काचेची नळी कासव आपटून फोडतं. मुंबई-कोकणात थंडीपेक्षा पावसाळा वाईट. आठवडेच्या आठवडे ऊन नाही, हवेतच ओल, ओटा वाळत नाही, वर लाइट जाते तेव्हा फिल्टर बंद. माझ्याकडे कुजलेल्या कवचाची कासवं श्रावण-भाद्रपदात जास्त येतात.

मग घाण. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे स्वच्छ आहे असं नाही, घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाला रंग नसतो. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या तपासणी किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य यायला हवेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली. अमोनिया कातडीला आणि डोळ्यांना चरचरवतो, आणि चरचरलेल्या कातडीवर जंतू लवकर बसतात. पाण्याचा ढोबळ हिशेब असा: कवचाच्या दर इंचाला साधारण ३८ लिटर. सहा इंचाच्या कासवाला सव्वादोनशे लिटर. हा आकडा ऐकून लोक माझ्याकडे असे बघतात की मीच टाकी विकायला आलोय. एवढी मोठी टाकी नसेल तर पाणी जास्त वेळा बदलायचं, दुसरा मार्ग नाही. खायला वेगळ्या टबात घातलं तर घाण बरीच कमी होते.

फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुवू नका. त्यात अमोनिया पचवणारे चांगले जीवाणू असतात आणि क्लोरीननं ते मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो. घाईत असाल तर दुकानातले अँटी-क्लोरीनचे थेंब चालतात.

खाणं

फक्त वाळकी कोळंबी खाऊन वाढलेलं कासव मला दुरून ओळखू येतं: पापण्या फुगलेल्या, कातडी सतत सोलत असलेली, कवचाच्या कडा वर वळलेल्या. कोळंबीच्या त्या डब्यात अ जीवनसत्त्व नसल्यातच जमा आहे. ते कमी पडलं की कातडी आणि डोळ्यांचं अस्तर खराब होतं. कॅल्शियम कमी पडलं, किंवा ते पचवायला लागणारं ड जीवनसत्त्व नसलं, की शरीर कवचाच्या हाडातूनच कॅल्शियम उचलतं आणि कवच मऊ होतं.

मुख्य खाणं कासवाचे चांगले पेलेट. सोबत पाला: शेवग्याचा, जास्वंदीचा, अझोला मिळाला तर उत्तम. आठवड्यातून एक-दोनदा किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा. पालक आणि माठ रोज नकोत, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मोठ्या कासवाला निम्म्याहून जास्त पालाच हवा, लहान पिल्लाला मांसाहार जास्त. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मागा. तो माकळीच्या पाठीतला भाग असतो. मागचं टणक पाठाळ सुरीनं काढा आणि तुकडा टाकीत तरंगत सोडा. पोळी, पाव, भात, पनीर बंद.

सुजलेल्या डोळ्यांसाठी कुणी अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सुचवलं तर ते डॉक्टरांनी मोजूनच द्यायचं. जास्त झालं तर धडधाकट कातडीही सोलून निघते.

ऊन आणि दिवा

आता पैसे लागतात, पण आधी फुकटचं ऊन वापरा. ड जीवनसत्त्व कातडीत तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी, म्हणजे एका प्रकारचे अतिनील, किरण लागतात आणि खिडकीची काच ते जवळजवळ सगळे अडवते. "आमची टाकी खिडकीतच आहे" याचा म्हणूनच उपयोग नाही. आठवड्यातून तीन-चारदा सकाळचं कोवळं ऊन, वीस-तीस मिनिटं, प्लास्टिकच्या टबात थोडं पाणी आणि अर्ध्या टबावर सावली. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, पाणी बघता बघता तापतं आणि कासव शिजतं. जवळ माणूस हवा. कावळे, घारी, मांजरी येतात, आणि कासव टबाच्या कडेवरून चढून गॅलरीबाहेरही पडतं.

पावसाळ्यात आणि ऊन नसलेल्या फ्लॅटमध्ये यूव्हीबीची ट्यूब लावावीच लागते. ओट्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर, मधे काच किंवा प्लास्टिक नको, रोज दहा-बारा तास. ट्यूब उजेड देत राहते पण यूव्हीबी आधीच संपलेलं असतं, म्हणून लावल्याची तारीख तिच्यावरच लिहा आणि वर्षभरात बदला. लहान गोल बल्ब सहा महिन्यांत. निळा एलईडी म्हणजे यूव्हीबी नव्हे.

एक धोक्याची गोष्ट: पाणी निर्जंतुक करायचा जो "यूव्ही दिवा" मिळतो तो यूव्हीसी असतो. तो ओट्यावर लावला तर कासवाचे डोळे आणि कातडी भाजते, तुमचेही. हा दिवा कासवावर लावलेला मी एकाहून जास्त घरांत काढून टाकलाय.

घरी किती करायचं

वरचं सगळं सुधारलं आणि कवचावर एक-दोन उथळ, वास नसलेले, कडक तळाचे खड्डे असतील, कासव खातंय, चपळ आहे, तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही. पोव्हिडोन आयोडीनचं ५ टक्क्यांचं साधं द्रावण घ्या, बेटाडीन चालेल, पण फेस येणारं स्क्रब नको. एका भागाला दहा भाग पाणी, रंग पातळ कोऱ्या चहासारखा. खड्डा मऊ ब्रशनं साफ करा, द्रावण लावा, दहा मिनिटं थांबा, धुवा, टिपा. मग उबदार, सावलीच्या जागी काही तास कोरडं ठेवा आणि पाण्यात सोडा. हे कासव पाण्याशिवाय गिळू शकत नाही, म्हणून रोज पाण्यात वेळ मिळालाच पाहिजे. चार-पाच सेंटिमीटरच्या पिल्लाला तासाभरापेक्षा जास्त कोरडं ठेवू नका, त्याचं पाणी लवकर आटतं.

हळद, खोबरेल तेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश यातलं काही नको. तेलकट थराखाली ओल कोंडते, आणि ओल तोडायची म्हणून तर हा सगळा खटाटोप.

दर रविवारी एकाच जागी, शेजारी नाणं ठेवून पाठीचा आणि पोटाचा फोटो काढा, आणि स्वयंपाकघरात वापरत नसलेल्या काट्यावर वजन करा. कवच हळू भरतं, आठवडे आणि कधी महिने. पण दोन आठवड्यांत खड्डा खोल झाला, पसरला किंवा मऊ पडला तर घरचा उपाय थांबवा.

प्रत्येक वेळी हात साबणानं धुवा, टाकीचं काहीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका. निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी आहे ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. पाच वर्षांखालच्या मुलाला हाताळू देऊ नये.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतं, पण वर्षाच्या पुढच्या कासवाचं दबत असेल तर घरी वेळ घालवू नका. तसंच सडका वास, सुजून मिटलेल्या पापण्या, रक्त किंवा पू, खड्ड्यात दिसणारं हाड, कुत्र्याचा चावा, पडून गेलेला तडा. पोटावर लाल झाक आणि सोबत मरगळ असेल तर संसर्ग रक्तात गेलेला असू शकतो, त्याच दिवशी निघा. पाणी उबदार असूनही आठवडाभर खाल्लं नाही, एका बाजूला कलंडून तरंगतंय, तोंड उघडून श्वास घेतंय, नाकातून बुडबुडे येतायत, तर फुप्फुसाचा संसर्ग असू शकतो. मोठी मादी खात नाही आणि सारखी बाहेर पडायला धडपडते, तर अंडी अडकलेली असू शकतात.

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर कासव बघतोच असं नाही. आधी फोन करून "एक्झॉटिक पेशंट बघता का" असं विचारा. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलंच बैलघोडा हॉस्पिटल इथे चौकशी करता येते. इतर शहरांत जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला विचारा. नेताना पाण्यात नाही, हवेची भोकं असलेल्या डब्यात ओलसर टॉवेलवर न्या. टाकीचा, ओट्याचा आणि दिव्याच्या खोक्याचा फोटो, खाण्याचा डबा, आठवड्यांचे फोटो सोबत ठेवा. आणि जंताचं औषध द्यायची वेळ आली तर आयव्हरमेक्टिन नाही ना, हे न लाजता विचारा. कुत्र्यांना, गुरांना सर्रास देतात ते औषध कासवांच्या जिवावर बेततं.

तुमच्या कासवाच्या पाठीवर तुकडेच नाहीत, नुसतं चामड्यासारखं मऊ आवरण आहे, तर ते बहुधा आपलं देशी मऊ पाठीचं कासव आहे. पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल तर तारा कासव. ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरात ठेवणं गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. लाल कानाचं कासव मात्र सांभाळणं जमेनासं झालं तरी तळ्यात किंवा नदीत सोडू नका. जगातल्या सगळ्यात उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि देशी कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न ते बळकावतं. घेणारं दुसरं घर शोधा.